प्रतिमा संपादक प्लगइनमधील स्तर-हस्तांतरण

प्रतिमा संपादक प्लगइनमधील स्तर-हस्तांतरण म्हणजे चित्रांचे संपादन करणारी मुख्य आज्ञावली आणि तिला जोडलेले प्लगइन यांच्यात चित्राच्या एका किंवा अनेक स्तरांची (लेयर्सची) विदा देण्याघेण्याची प्रक्रिया होय. केवळ पिक्सेलची मूल्ये पोहोचली म्हणजे हे हस्तांतरण पूर्ण होत नाही. त्या मूल्यांचा अर्थ कसा लावायचा, याविषयी दोन्ही आज्ञावल्यांमध्ये आधीच एकवाक्यता असावी लागते. ती नसल्यास अनेकदा कोणतीही त्रुटी-सूचना न मिळता चित्र बिघडते.

स्तरातील माहिती

स्तराचा आकार कॅनव्हासएवढाच असतो असे नाही. त्याला स्वतःची रुंदी व उंची असते, तसेच कॅनव्हासच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासूनचे अंतर असते. हे अंतर ऋणही असू शकते. अपारदर्शकता, मिश्रण पद्धत, दृश्यता, मास्क आणि स्तरसमूहातील स्थान हेही स्तराचेच गुणधर्म होत.

पिक्सेलच्या विदेसोबत रंगवाहिन्यांचा क्रम, प्रत्येक वाहिनीचे बिट आणि रंग प्रोफाइल कळवावे लागते. काही आज्ञावल्या स्मृतीमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी काही बाइट रिकामे सोडतात. ओळीची खरी लांबी न कळवल्यास प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकते व चित्र तिरके दिसते.

हस्तांतरणाच्या पद्धती

पहिल्या पद्धतीत प्लगइन मुख्य आज्ञावलीच्याच प्रक्रियेत चालते. अडोबी फोटोशॉपची पारंपरिक फिल्टर प्लगइन या प्रकारची आहेत. येथे स्मृतीतील पत्ता दिला की काम भागते, त्यामुळे वेग अधिक असतो. मात्र प्लगइनमध्ये गंभीर दोष उद्भवल्यास संपूर्ण संपादक बंद पडू शकतो आणि जतन न केलेले काम नष्ट होते.

दुसऱ्या पद्धतीत प्लगइन ही स्वतंत्र प्रक्रिया असते. ती कोसळली तरी संपादक सहसा चालू राहतो. परंतु दोन प्रक्रियांची स्मृती वेगळी असल्याने विदेची प्रत पाठवावी लागते किंवा सामायिक स्मृती वापरावी लागते. ६००० × ४००० पिक्सेलच्या, चार वाहिन्या व प्रत्येक वाहिनीस ८ बिट असलेल्या एका स्तराची विदा ९.६ कोटी बाइट भरते. ३२ बिटांच्या वाहिन्यांसाठी ती चौपट होते. म्हणूनच संपूर्ण स्तर एकदम न पाठवता त्याचे तुकडे करणे सोयीचे ठरते.

गिंपमधील कार्यपद्धती

गिंप या मुक्त स्रोत संपादकाची प्लगइन स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालतात. प्लगइन आणि गिंप यांच्यातील संदेश पाइपमधून जातात, तर पिक्सेलसाठी शक्य तेथे सामायिक स्मृती वापरली जाते. पारंपरिक रचनेत स्तर ६४ × ६४ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत विभागला जातो. वरील उदाहरणातील स्तराचे असे ९४ × ६३, म्हणजे ५,९२२ तुकडे होतात. प्लगइन आवश्यक तेवढेच तुकडे मागवते.

प्लगइन सामान्यतः मूळ स्तरावर थेट न लिहिता त्याच्या छाया-प्रतीवर लिहिते. काम पूर्ण झाल्यावर ही प्रत मूळ स्तरात विलीन केली जाते. त्यामुळे वापरकर्त्याने निवडलेल्या क्षेत्राबाहेरील भाग अबाधित राहतो आणि झालेला बदल मागे घेता येतो. २०१८ साली प्रकाशित झालेल्या २.१० आवृत्तीपासून प्लगइनना गेगल या ग्रंथालयाचे बफर वापरता येतात. प्लगइनने हवे ते पिक्सेल-स्वरूप सांगितल्यावर त्यातील रूपांतर बॅबल हे ग्रंथालय करते.

अल्फा वाहिनीचा प्रश्न

पारदर्शकता दर्शवणारी अल्फा वाहिनी दोन प्रकारे साठवली जाते. साध्या प्रकारात रंग व अल्फा स्वतंत्र असतात. पूर्वगुणित प्रकारात रंगाची मूल्ये अल्फाने आधीच गुणलेली असतात. पूर्वगुणित पद्धतीचे विवेचन टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ सालच्या शोधनिबंधात केले. पीएनजी स्वरूप साधा अल्फा वापरते, तर कैरो हे आरेखन ग्रंथालय पूर्वगुणित अल्फा वापरते.

अर्धपारदर्शक शुद्ध लाल पिक्सेलचे लाल मूल्य साध्या प्रकारात २५५, तर पूर्वगुणित प्रकारात १२८ असते. पूर्वगुणित विदा साधी समजून पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवल्यास लाल वाहिनी २५५ ऐवजी सुमारे १९१ येते. अशा चुकीमुळे आकृत्यांच्या मऊ कडांभोवती काळपट रेघ दिसते. शिवाय पूर्वगुणनात पूर्ण पारदर्शक पिक्सेलचा रंग शून्य होतो व उलट रूपांतराने तो परत मिळवता येत नाही.

फाइलद्वारे देवाणघेवाण

थेट संपर्क शक्य नसल्यास स्तर फाइलद्वारे पाठवले जातात. त्यासाठी २००६ साली ओपनरास्टर हे खुले स्वरूप मांडण्यात आले. ही फाइल वस्तुतः झिप संच असते. त्यात प्रत्येक स्तराची पीएनजी प्रतिमा आणि स्तरांचा क्रम, स्थान, अपारदर्शकता व मिश्रण पद्धत नोंदवणारी एक्सएमएल फाइल असते. स्तर न समजणाऱ्या आज्ञावल्यांसाठी सर्व स्तर एकत्र केलेली प्रतिमाही ठेवली जाते. गिंप, क्रिटा आणि मायपेंट हे स्वरूप वाचू व लिहू शकतात. तथापि, एखादी मिश्रण पद्धत दुसऱ्या आज्ञावलीत उपलब्ध नसल्यास स्तर सुरक्षित पोहोचूनही अंतिम चित्र वेगळे दिसू शकते.