नोकरी सुटली, कागद कुणाकडे?

राजीनामा दिल्यावर जुन्या मालकाकडून माणसाला मुख्यतः चार गोष्टी हव्या असतात: कामातून मोकळे केल्याचे पत्र, अनुभव प्रमाणपत्र, शेवटच्या पगाराचा हिशेब आणि भविष्य निर्वाह निधी (पीएफ) व प्राप्तिकराच्या पुऱ्या नोंदी. महाडच्या औद्योगिक वसाहतीत बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंतच्या गावांतून माणसे पाळीला येतात. तिथे यांतला कोणताही कागद मागण्याआधी कागदोपत्री मालक कोण, हे शोधावे लागते.

कामगार ‘कंपनीत आहे’ असे सांगतो, पण हजेरी अनेकदा ठेकेदाराच्या पटावर असते. गेटपास कंपनीचा, हेल्मेट कंपनीचे, काम कंपनीच्याच रिअॅक्टरवर. तरी अनुभवाचे पत्र मागायला गेले की कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते. याचा निकाल पीएफच्या पासबुकात लागतो. तिथे ज्या आस्थापनेचे नाव आहे, प्रमाणपत्र तिच्याकडेच मागायचे. काम संपल्यावर ठेकेदाराने सेवा प्रमाणपत्र द्यावे, हे कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत पूर्वीपासून होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांमध्येही ही जबाबदारी कायम आहे: व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम ५६ नुसार कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभव प्रमाणपत्र द्यायचे आहे. तोंडी मागणीला पुरावा नसतो, म्हणून अर्ज लेखी करून त्यावर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तो स्पीड पोस्टाने पाठवावा.

खरी गुंतागुंत पुढे आहे. वर्ष-दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो आणि कामगार त्याच मशीनवर राहतो. नव्या ठेकेदाराकडे पीएफचा नवा सदस्य क्रमांक पडतो. त्यात कुणी जुना यूएएन, म्हणजे पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक, न विचारता नवाच काढला, तर एका माणसाची सलग नोकरी कागदावर तुकड्यांत विखुरते. पीएफच्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. तीन ठेकेदारांकडची चार-चार वर्षे जोडली गेली नाहीत, तर बारा वर्षे राबलेला माणूस त्या हिशेबात चार वर्षांचाच ठरतो. हे नुकसान वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळते आणि तोवर तो ठेकेदार कुठे असेल, कोण सांगणार? म्हणून राजीनाम्याच्या वेळीच सगळी जुनी खाती एका यूएएनखाली आणणे हे अनुभव पत्राहूनही निकडीचे काम आहे.

पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसली, तर पैसे काढणे आणि खाते वर्ग करणे दोन्ही अडते. मालक ती भरत नसेल, तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीच्या आधारे, नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर सदस्याला ती स्वतः भरता येते. ही सोय २०२० पासून आहे. तरीही तारखेसाठी माणसे महिनोन्‌महिने ठेकेदाराच्या दारात उभी राहतात.

पैशांबाबत कायदा स्पष्ट आहे. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा देणाऱ्याचे देय वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते व्हायला हवे. ‘पुढच्या पगारासोबत बघू’ हे उत्तर त्यात बसत नाही. ठेकेदाराने वेतन थकवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. कायम कामगाराला पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर उपदान मिळते, तेही देय झाल्यापासून तीस दिवसांत. करकपात झाली असेल तर फॉर्म १६ मागावा. तो मिळायला उशीर झाला, तरी कापलेला कर फॉर्म २६एएसमध्ये दिसतो.

कामातून मोकळे केल्याचे पत्र मात्र बहुतांशी नेमणूकपत्र आणि नोटिशीच्या मुदतीवर अवलंबून असते. मुदत पूर्ण करून, ओळखपत्र व साहित्य परत केल्याची पावती घेतलेल्या माणसाला ते नाकारायला मालकाकडे सबळ कारण उरत नाही. आयटीआयची किंवा शाळेची मूळ प्रमाणपत्रे ‘जमा’ करून ठेवणे तर सरळसरळ अन्याय आहे. दाद मागायची ती वेतन आणि प्रमाणपत्रासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, पीएफसाठी ईपीएफओच्या तक्रार संकेतस्थळावर.

मिळालेला कागद टिकवणे या भागात सोपे नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावात दरड कोसळली. घरांबरोबर पेटीतले कागदही गेले. यूएएन कार्ड डिजिलॉकरमध्ये ठेवता येते. पगारपत्रके, नेमणूकपत्र आणि गेटपास यांचे फोटो काढून ते स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावेत, आणि तेही नोकरीत असतानाच.

मालकच उरला नाही तर काय, याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांनी दिले आहे. कोकणातून गेलेल्या हजारो माणसांनी तिथे आयुष्य घालवले, १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या. या गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेसाठी म्हाडाकडे सुमारे दीड लाख अर्ज आले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा त्यासाठी लागतो. सेवा प्रमाणपत्र नसलेल्या वारसांना तिकीट नंबर, पीएफ क्रमांक, ईएसआयचे कार्ड, रजेची नोंद, पगाराची पावती असे कागद पुढे करता येतात.