टॅकल मोठा की सॅक?

अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगमध्ये बचावपटूंना गुण कसे द्यायचे, यावर हंगामाआधीच नीट भांडून घ्यावं.

2021 चंच बघा. पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटने 22.5 सॅक करून मायकेल स्ट्रेहनच्या 2001 मधल्या विक्रमाशी बरोबरी केली. सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला लोळवणं. त्याच वर्षी अटलांटाच्या फॉये ओलुओकुनचे टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणं, होते 192.

टॅकलला 1 आणि सॅकला 2 गुण धरले, तर वॉटचे 64 टॅकलचे 64 आणि सॅकचे 45, एकूण 109 होतात. ओलुओकुनचे नुसते टॅकलचेच 192! वर्षातला सर्वोत्तम बचावपटू मात्र वॉट ठरला होता.

सॅकला 5 गुण दिले की वॉट 176.5 वर जातो. हे न्याय्य वाटतं. पण ओलुओकुनप्रमाणे वॉटचीही नोंद लाइनबॅकर (बचावातली एक जागा) अशीच होती, त्यामुळे संघातल्या एकाच जागेसाठी दोघांची स्पर्धा उरतेच.