नाडीपरीक्षा अडखळत्या गाडीची

सिंगापुरात प्रत्येक गाडी जन्मतारखेबरोबर निवृत्तीची तारीखही घेऊन येते. १९९० साली इथे वाहनांची कोटा पद्धत सुरू झाली, आणि तेव्हापासून सीओईची मुदत दहा वर्षांची. नवी गाडी परवडत नाही म्हणून आपल्यातली बरीच तरुण कुटुंबे सात-आठ वर्षे वापरलेली गाडी घेतात. मी आयुष्यभर यंत्र अभियांत्रिकी शिकवली हे ठाऊक असल्याने मग मला फोन येतो. तक्रार बहुधा एकच असते. "काका, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते आणि मग पळते."

हा क्षण हसण्यावारी नेऊ नये. सिग्नलला उजवीकडे वळताना समोरून ताशी ७० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १९ मीटर पुढे सरकते. मागच्या सीटवर मुले आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असताना एवढे अंतर फार मोठे असते.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि योग्य वेळी ठिणगी. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग, हे गणित बिघडले किंवा ठिणगी चुकली की गाडी आचके देते. माझ्या पिढीने हे प्रीमियर पद्मिनीवर शिकून घेतले. खंडाळ्याच्या घाटात उन्हाने तापून ती बंद पडली की लोक पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाशेजारच्या त्या छोट्या पंपावर, ओले फडके टाकत. गाडी सुरू झाली तर पेट्रोलची वाफ अडकली होती हे कळे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरचे झाकण कोरडे पुसत. त्यानंतर चालू झाली तर दोष ओलाव्याचा. ते फडके उपाय होते आणि परीक्षाही.

आजच्या गाडीत कार्ब्युरेटर नाही, संगणक आहे. पण पहिला प्रश्न तोच राहिला आहे. गाडी नेमकी केव्हा अडखळते?

सकाळी थंड असतानाच, आणि गरम झाल्यावर ठीक? थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर, उष्णतेने कडक होऊन तडकलेली व्हॅक्यूमची नळी किंवा कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर तपासा. पाय हलकेच ठेवल्यावर अडखळते? हवा मोजणारा सेन्सर मळलेला असू शकतो. त्याचा खास स्प्रे मिळतो, तारेला मात्र बोट लावायचे नाही. चढावर किंवा एक्स्प्रेसवेवर चढताना दम लागतो? पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. फक्त पावसात? इग्निशन कॉइल आणि प्लग. आरपीएमचा काटा वर जातो पण वेग वाढत नाही? मग इंजिनाला सोडा, गिअरबॉक्सकडे पाहा.

दुसरे काम, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचणे. इथे मोठी गफलत होते. पी०१७१ हा कोड सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, म्हणून पुष्कळदा तोच बदलला जातो, आणि फुटकी नळी तशीच राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी! कोड म्हणजे साक्षीदाराचा जबाब. निकाल त्यानंतर द्यायचा.

निकालापर्यंत कसे पोचायचे, याचे माझे आवडते उदाहरण पी०३०२ चे आहे. हा कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. कोड बदलून पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी. पी०३०२ तसाच राहिला, तर कॉइल निर्दोष. आता प्लग, मग इंजेक्टर. एका वेळी एकच बदल, आणि एकही नवा भाग विकत न घेता.

काही जण अडखळणे थांबावे म्हणून ९५ ऐवजी ९८ ऑक्टेन भरतात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची अवेळी पेट न घेण्याची क्षमता. त्याने मळ निघत नाही. पुस्तिकेत लिहिले असेल तेच भरावे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात तर व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोल पोचतच नाही, त्यामुळे टाकीत ओतलेले औषधही तिथे जात नाही. तो काजळीचा थर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून काढतात.

इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत तपासून घ्या. तो लुकलुकू लागला तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकते, आणि मग लहान दुरुस्ती मोठी होते.

या साऱ्याचा संबंध दहाव्या वर्षीच्या निर्णयाशी आहे. सीओई वाढवायचे तर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने रक्कम भरावी लागते, पीएआरएफचा परतावा सोडावा लागतो, दरवर्षी तपासणी होते आणि रोड टॅक्सवरचा अधिभार १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. पाच वर्षांचे घेतले तर पुन्हा वाढवता येत नाही. हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा. पण त्यात "गाडी अडखळते" एवढेच कारण मांडू नका. ती प्लगने अडखळते की गिअरबॉक्सने, यावर खर्चाचा आकडा कितीतरी पटींनी बदलतो. म्हणून मुदत संपण्याच्या निदान तीन महिने आधी निदान करून घ्या, म्हणजे घाईने निर्णय घ्यावा लागणार नाही.

गॅरेजमध्ये जाताना चार ओळी लिहून न्या: केव्हा, किती वेगाला, थंड की गरम, पाऊस होता का. आणि भाग बदलायचा म्हटल्यावर नम्रपणे विचारा, "हाच बिघडला आहे हे कशावरून?" चांगला मेकॅनिक या प्रश्नावर रागावत नाही, तो बॉनेट उघडून दाखवतो.