हॉट टबमधील पाण्याचे क्लोरिनीकरण

हॉट टबमधील पाण्याचे क्लोरिनीकरण म्हणजे गरम पाण्याच्या सामायिक टबमध्ये क्लोरिनयुक्त रसायने मिसळून त्यातील रोगजंतूंचा नाश करण्याची प्रक्रिया होय. न्हाणीघरातील टबचे पाणी प्रत्येक स्नानानंतर सोडून दिले जाते. हॉट टबचे पाणी मात्र गाळून, तापवून आठवडे किंवा महिने पुन्हा पुन्हा वापरले जाते. त्यामुळे ते सतत निर्जंतुक ठेवणे आवश्यक ठरते.

जलतरण तलावाशी तुलना

घरगुती हॉट टबमध्ये साधारण १,५०० लिटर पाणी मावते. त्यात चार जण बसल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ३७५ लिटर पाणी येते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल तलावात याच प्रमाणात गर्दी करायची झाल्यास साडेसहा हजारांहून अधिक लोक एकाच वेळी उतरावे लागतील. घाम, त्वचेचे तेल आणि प्रसाधने यांच्याशी होणाऱ्या अभिक्रियेत क्लोरिन खर्च होतो. उष्णता व बुडबुड्यांमुळेही तो लवकर घटतो. म्हणून अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र (सीडीसी) तलावासाठी किमान १ मिलिग्रॅम प्रतिलिटर, तर हॉट टबसाठी किमान ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरिनची शिफारस करते. पाण्याचे तापमान ४० अंश सेल्सियसपेक्षा अधिक नसावे, असेही हे केंद्र सांगते.

आरोग्यविषयक धोके

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूमुळे केसांच्या मुळांशी दाह होऊन लाल, खाजरे पुरळ उठते. पोहण्याच्या कपड्यांखाली दूषित पाणी अधिक वेळ राहत असल्याने तेथे ते जास्त आढळते.

लीजियोनेला जीवाणू अधिक घातक असून तो कोमट पाण्यात जोमाने वाढतो. बुडबुडे फुटताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे तो फुप्फुसांत शिरतो व तीव्र न्यूमोनिया होतो. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात या रोगाची मोठी साथ उद्भवली व वीसहून अधिक जण दगावले. तिचा उगम तेथे मांडलेल्या फेसाळत्या पाण्याच्या टबपर्यंत शोधला गेला. टबमध्ये न उतरता केवळ जवळून जाणाऱ्यांनाही संसर्ग होऊ शकतो, हे या घटनेतून दिसून आले.

रासायनिक क्रिया

क्लोरिनचे संयुग पाण्यात मिसळल्यावर हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन तयार होतात. या दोहोंना मिळून मुक्त क्लोरिन म्हणतात. यांपैकी हायपोक्लोरस आम्ल कितीतरी अधिक प्रभावी जंतुनाशक आहे. सामू सुमारे ७.५ असताना दोघांचे प्रमाण जवळपास समान असते. सामू ८ झाल्यास आम्लाचा वाटा पाव भागाच्या आसपास उतरतो. म्हणजेच चाचणीत क्लोरिन पुरेसा दिसूनही निर्जंतुकीकरण मंदावते. बुडबुड्यांमुळे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सामू वाढत राहतो. त्यामुळे तो वारंवार तपासून ७.० ते ७.८ दरम्यान राखला जातो.

घाम व मूत्रातील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग झाल्यास क्लोरामाइन, म्हणजेच संयुक्त क्लोरिन, तयार होतो. डोळे चुरचुरवणारा उग्र वास मुख्यतः त्याचा असतो. तो पाणी स्वच्छ असल्याची खूण नव्हे.

रसायने व मात्रा

द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि सोडियम डायक्लोर ही संयुगे वापरात आहेत. १,५०० लिटर पाण्यातील मुक्त क्लोरिन ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढवण्यासाठी ४.५ ग्रॅम क्लोरिन लागतो. त्यासाठी ५६ टक्के उपलब्ध क्लोरिन असलेले डायक्लोर सुमारे ८ ग्रॅम पुरते. मात्र डायक्लोरमधून सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. ते क्लोरिनचे उन्हापासून रक्षण करते, पण त्याची जंतुनाशक क्रिया मंदावते. शिवाय ते साचत जाते व पाणी बदलल्याखेरीज सहसा कमी होत नाही. याच कारणाने सीडीसी हॉट टबमध्ये ते न वापरण्याचा सल्ला देते.

देखभाल

महाराष्ट्रातील गावांत टीसीएल पावडरने शुद्ध केलेल्या पाण्यातील क्लोरिन ओटी चाचणीने तपासला जातो. हॉट टबसाठी चाचणीपट्ट्या किंवा डीपीडी चाचणी वापरतात. डीपीडी चाचणीने मुक्त व संयुक्त क्लोरिन वेगवेगळे मोजता येतात. संयुक्त क्लोरिन साचल्यास त्याच्या सुमारे दहापट क्लोरिन घालून तो नष्ट केला जातो. पातळी पूर्ववत होईपर्यंत टब वापरला जात नाही.

नळ्यांच्या आतील बुळबुळीत थरात जीवाणू क्लोरिनपासून सुरक्षित राहतात. त्यामुळे गाळणी नियमित धुणे, नळ्यांची सफाई आणि ठरावीक काळाने संपूर्ण पाणी बदलणे यांना क्लोरिन हा पर्याय ठरत नाही. टबमध्ये उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ केल्यास क्लोरिनचा खर्च बराच घटतो.

सुरक्षितता

क्लोरिनची भिन्न संयुगे एकमेकांत मिसळल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो. आम्लाशी संपर्क आल्यास विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो. म्हणून ही रसायने कोरड्या, हवेशीर जागी व मुलांपासून दूर ठेवतात. विरघळवताना रसायन पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये.