पाण्याखाली जाण्यासाठी जमिनीवरची तालीम

स्कूबा डायव्हिंगमधली सर्वांत जड मेहनत पाण्याबाहेर होते. नेहमीच्या वापरातला ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर हवा भरल्यावर सुमारे १७ किलोचा होतो. हवा भरायचे जॅकेट, रेग्युलेटर आणि कमरेची शिशाची वजने धरली की एकूण भार २५ किलोच्या घरात जातो. तो पाठीवर घेऊन डुलत्या बोटीत उभे राहायचे, कडेपर्यंत जायचे आणि डुबकी संपल्यावर शिडीने वर यायचे. पाण्यात हा भार जाणवेनासा झालेला असतो. त्यामुळे शिडीच्या पहिल्या पायरीवर तो एकदम अंगावर येतो, तोही थंडीने स्नायू आखडलेले असताना. पाठ धरते किंवा गुडघा मुरगळतो तो बहुधा अशा वेळी.

पाण्यात हिशेब वेगळा. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असते. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळपास आठपट. म्हणूनच जोर लावून पोहणारा दणकट गडी सिलिंडर लवकर रिकामा करतो, तर सावकाश फिन मारणारी किरकोळ अंगाची व्यक्ती तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त वेळ खाली राहते. जिममध्ये कमावलेल्या दंडांना इथे फारसे काम नाही. सराईत डायव्हरचे हात बहुतेक वेळ छातीपाशी स्वस्थ असतात. ताकद लागते ती राखीव म्हणून, अचानक प्रवाह उलटला किंवा जोडीदाराला ओढत आणावे लागले तर.

खोलीबरोबर श्वासही जड होतो. दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर फुप्फुसांत जाणारी हवा पृष्ठभागावरच्या हवेच्या चौपट दाट असते. ती आत-बाहेर करायलाच श्वासाच्या स्नायूंना जास्त कष्ट पडतात. त्यात प्रवाहाशी झटापट केली की कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही, धाप लागते आणि धापेपाठोपाठ भीती येते. शिवाय पाण्यात उतरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाचे काम वाढते. पन्नाशीच्या आसपास हा छंद धरणाऱ्याने व्यायामाचा तक्ता आखण्याआधी हृदयाची तपासणी करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

व्यायामात पहिला मान दमसासाचा. तो मोजायचे एकक म्हणजे मेट. स्वस्थ बसलेले शरीर मिनिटाला दर किलो वजनामागे साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरते, तो एक मेट. शांत समुद्रातल्या हौशी डायव्हरला ६ मेटची मेहनत, म्हणजे चढावर भरभर चालण्याइतकी, न दमता चालू ठेवता यावी. अडचणीच्या प्रसंगासाठी त्याहून बरीच जास्त क्षमता हाताशी हवी. पोहणे, सायकल, पळणे यांपैकी काहीही चालेल, पण फिन घालून तलावात मारलेल्या फेऱ्यांना तोड नाही. फिनचा फटका मांडीतून आणि नितंबांतून निघतो. सवय नसली तर पोटरीत गोळा येतो, आणि तो येतो बोट दूर असताना.

ताकदीसाठी बैठका, पाठीवर ओझे घेऊन पायऱ्यांची चढउतार, जमिनीवरून वजन नीट उचलण्याचा सराव आणि पाठ-पोट बळकट करणारे प्लँकसारखे व्यायाम पुरेसे आहेत. पोट-पाठ भक्कम असली की पाण्यात शरीर आडवे, स्थिर राहते आणि विरोध कमी होतो. पाठीवर सॅक घेऊन सह्याद्रीतले गड चढणाऱ्यांची यातली अर्धी तालीम झालेलीच असते. मालवण-तारकर्लीला पर्यटक करतात त्या प्रशिक्षकाच्या हातातल्या डुबकीला एवढी तयारी लागत नाही. ‘पॅडी’ या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर प्रमाणपत्रासाठी मात्र साधनांशिवाय २०० मीटर किंवा मास्क, स्नॉर्केल व फिन घालून ३०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगून दाखवणे आवश्यक असते.

वजने उचलताना श्वास कोंडून जोर करण्याची सवय मात्र डायव्हरने मोडलेली बरी. पाण्याखाली सिलिंडरमधली हवा छातीत भरून श्वास रोखला आणि तसेच वर आले, तर जेमतेम सव्वा-दीड मीटरच्या फरकानेही फुप्फुसांना इजा होऊ शकते. जोर लावताना श्वास सोडायचा, हे जमिनीवरच अंगवळणी पडावे.

उरतो प्रश्न वेळेचा. डुबकीत ऊतींमध्ये नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर त्याचे सूक्ष्म बुडबुडे होऊ शकतात. नंतर लगेच जोरकस व्यायाम केल्याने ते वाढण्याचा धोका असतो. सुमारे चौघांतल्या एकाच्या हृदयाच्या कप्प्यांमध्ये जन्मापासून बारीक वाट राहिलेली असते. कुंथून जोर केला तर बुडबुडे त्या वाटेने थेट धमन्यांत पोचू शकतात. डुबकीआधी आणि नंतर २४ तास जड व्यायाम टाळण्याचा सल्ला त्यातूनच आलेला आहे. गंमत म्हणजे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डुबकीच्या २४ तास आधी पळण्याचा व्यायाम केलेल्या डायव्हरमध्ये बुडबुडे कमी आढळले. म्हणजे आदल्या दिवशीचे पळणे कदाचित फायद्याचेही असेल, पण वजनांची गोष्ट वेगळी. वजने उचलून दुखणारा खांदा आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी दुखणारा खांदा यांतला फरक सांगणे डॉक्टरलाही अवघड जाते, आणि दुसऱ्या प्रकारात उपचाराला उशीर चालत नाही.