खडूची बाजू

शुक्रवारी संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली गोळे होते. सोमवारी सकाळी पाहिलं तर फासे! कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम कार्बोनेटचं द्रावण भसकन ओतून जोरात ढवळलं की कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचा, पांढरा साका बसतो. हात जमला असेल, तर त्यात व्हॅटेराइटचे सच्छिद्र गोळे मिळतात. मी साका धुतला, वाळवायचा कंटाळा केला आणि तो पाण्यातच ठेवून घरी गेलो. दोन दिवसांत त्याचं कॅल्साइट, म्हणजे त्याच खडूचं दुसरं स्फटिकरूप, झालं. कंगोरेदार, घट्ट, औषधाला शिरायला फट नाही. तेव्हापासून या खनिजाशी जे जडलं, ते निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. म्हणून खनिजांच्या पोटात भरून कर्करोगाची औषधं गाठीपर्यंत नेण्याच्या उद्योगाचा आढावा संपादकांनी मागितला, तेव्हा तो निःपक्षपाती नसेल हे मी आधीच सांगून टाकलं.

चिकणमात्या आणि थराथरांची हायड्रॉक्साइडं यांच्यावर निबंध पुष्कळ झाले. मी वाचले, तुम्ही नाही वाचलेत तरी चालेल. हायड्रॉक्सिॲपेटाइट म्हणजे आपल्या हाडातलंच खनिज. हाडातली गाठ काढल्यावर उरणारी पोकळी औषध मिसळलेल्या कॅल्शियम फॉस्फेटच्या सिमेंटनं बुजवायची, ही कल्पना शहाणपणाची आहे. तिच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते सिलिकावाल्यांशी. १९९२मध्ये मोबिल या तेल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-४१ हे मधमाश्यांच्या पोळ्यासारखं सिलिका जाहीर केलं, ते उत्प्रेरकांच्या कामासाठी. २००१मध्ये माद्रिदच्या मारिया व्हॅलेट-रेगी यांच्या गटानं त्यात आयब्युप्रोफेन भरून दाखवलं आणि जत्रा सुरू झाली. भोकं एकसारखी, चित्रं देखणी. पण गाठीतल्या सौम्य आम्लाचं सिलिकाला काही सोयरसुतक नाही. म्हणून भोकाला दार लावा, दाराला कडी, कडीला कुलूप आणि कुलपाला आम्लानं उघडणारी किल्ली! एका समितीत माझा प्रस्ताव आला तेव्हा एक सदस्य म्हणाले, “खडूला कशाला पैसे?” त्याच बैठकीत कडीकुलपाचे दोन प्रस्ताव मंजूर झाले. आता न्यायाचं बोलायचं, तर माणसापर्यंत आधी पोचले तेही सिलिकावालेच. कॉर्नेल विद्यापीठाच्या चिमुकल्या चकाकत्या सिलिका-कणांचे पाच रुग्णांवरचे निष्कर्ष २०१४मध्ये छापून आले. मात्र ते कण गाठ दाखवणारे होते, औषध वाहणारे नव्हते.

खडूला कुलूप लागत नाही. रांगोळीच्या चिमटीवर लिंबू पिळून पाहा. शिरगोळ्याच्या पुडीत कॅल्साइट असेल तर ती फसफसते. ऑटो वारबुर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं, की गाठीतल्या पेशी साखर अर्धवट जाळतात आणि लॅक्टिक आम्ल ओकतात. रक्ताचा पीएच ७.४, गाठीभोवती बहुधा ६.५ ते ७ आणि पेशीनं कण गिळला की तिच्या आतल्या पिशवीत ५च्या आसपास. जितकं आत जावं तितका खडू अधिक विरघळतो आणि औषध सुटतं. मागे उरतं कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइड. दोन्हींची शरीराला सवय आहे.

डॉक्सोरुबिसिन भरतानाचं दृश्य मला अजूनही आवडतं. केमोच्या वॉर्डात ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात, तेच हे. हृदयाला जपून द्यावं लागणारं. त्याच्या लाल पाण्यात पांढरा साका टाकून रात्रभर हलवत ठेवायचा. सकाळी साका गुलाबी, वरचं पाणी फिकट. किती औषध आत गेलं, याचा पहिला अंदाज डोळाच देतो.

२००४मध्ये जर्मनीत पॉट्सडामजवळ वोलोद्किन आणि सुखोरुकोव्ह यांनी याच गोळ्यांवर पॉलिमरचे थर चढवले आणि आतला खडू विरघळवून टाकला. त्यांच्या लेखी खडू म्हणजे साचा. मी तेव्हापासून म्हणत आलो, की अहो, साचाच कामाचा आहे! खडू नुसतं औषध सोडत नाही, भोवतालचं आम्लही खातो. २००९मध्ये उंदरांना तोंडावाटे बायकार्बोनेट देऊन गाठीचं दुसरीकडे पसरणं कमी झाल्याचं दिसलं. २०१६मध्ये सेंट लुइसच्या गटानं नुसत्या, औषध न भरलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांनी उंदरांतल्या गाठीची वाढ रोखली. मग लॉस एंजेलिसच्या झेन गू यांच्या गटानं, शस्त्रक्रियेनं गाठ काढल्यावर त्या जागी फवारायची जेल केली. तिच्यात प्रतिकारशक्तीला जागं करणारं प्रतिपिंड होतं, आणि ते भरलं होतं खडूच्या कणांत. तो निबंध मी सलग दोनदा वाचला.

आमच्या बाजूचंही चुकलंच. १९८६मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी सांगितलं, की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, मोठे रेणू तिथे आपोआप साचतात. त्या भरवशावर आम्ही सगळे शिरेतून कण सोडत बसलो. २०१६मध्ये टोरोंटोच्या गटानं दहा वर्षांचे निबंध तपासले, तेव्हा गाठीपर्यंत पोचणाऱ्या मात्रेचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. उरलेलं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळतात. माझं मत आता पक्कं आहे. खडू शिरेत घालू नका, सर्जननं कापलं तिथे ठेवा.

आणि आजचे निबंध! प्रत्येक कण ‘स्मार्ट’, प्रत्येक उंदीर बरा. पंचवीस ग्रॅमच्या उंदरावर एक ग्रॅमची गाठ म्हणजे साठ किलोच्या माणसावर जवळजवळ अडीच किलोची, हे कुणी बोलत नाही. कण रक्तद्रवात सदतीस अंशांवर रात्रभर ठेवला तर सकाळी गोळा राहतो की फासा होतो, एवढं साधं चित्रही वीस निबंधांत एखाद्यात सापडतं. पूर्वी विद्यार्थी साका स्वतः धुवायचे. आता नमुना बाहेर पाठवतात आणि आलेख मागवतात.

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास गाठतं, “सर, मग सोडा प्यायला तर? शंखभस्म?” नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५च्या बाहेर सहसा जाऊ देत नाहीत, आणि सोड्याचा अतिरेक जिवावर बेतू शकतो. खडू आणि सोड्याचे वर लिहिलेले परिणाम उंदरांतले आहेत. खडूत भरलेलं कर्करोगाचं औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. घरात कुणाची केमो चालू असेल, तर ठरलेली तारीख चुकवू नका.