तपासणीचा खर्च कोणी केला?

२०१५ सालच्या धनत्रयोदशीला, म्हणजे ९ नोव्हेंबरला, मॅगी बाजारात परतली. पाच महिने ती दुकानांच्या फळ्यांवरून गायब होती. जूनमध्ये विषारी ठरलेली वस्तू नोव्हेंबरात निर्धोक कशी झाली, हा प्रश्न घरोघरी निघाला. पण उत्तरासाठी कोणी अडून बसलं नाही. फराळाच्या सामानाबरोबर चार पुडे पिशवीत पडलेच.

‘वरपर्यंत सेटिंग झालं असणार’ हे आपलं नेहमीचं उत्तर. खरं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे आणि ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. प्रकरणाची सुरुवात उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत २०१४ मध्ये घेतलेल्या एका नमुन्यापासून झाली. कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेने त्यात १७.२ पीपीएम शिसं असल्याचा अहवाल दिला. मर्यादा होती २.५. पुढे इतर राज्यांतही तपासण्या झाल्या आणि ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) देशभर विक्री थांबवली. मॅगी बनवणारी नेस्ले कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्टला न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. बी. पी. कुलाबावाला यांच्या खंडपीठाने ती बंदी रद्द केली. कंपनीची बाजू न ऐकताच आदेश काढला गेला होता. शिवाय ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर सारी मदार होती, त्या कायद्याला हवी तशी मान्यता असलेल्या नव्हत्या. न्यायालयाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला लावली. शिसं मर्यादेच्या आत निघालं. तोवर तीस हजार टनांहून अधिक नूडल्स नष्ट झाल्या होत्या.

म्हणजे आधीचा आकडा खोटा होता का? तसं न्यायालय म्हणालं नाही. त्या आकड्यावर विसंबता येत नाही, एवढंच ते म्हणालं. नमुना कोणी घेतला, कसा सीलबंद केला, कुठे पाठवला, तिथल्या यंत्राला आणि माणसाला शिसं मोजण्याची मान्यता होती का, या साखळीतली एक कडी निसटली की शास्त्र कितीही चोख असो, कोर्टात त्याची किंमत शून्य.

ही साखळी कायद्यात नीट बांधलेली आहे. ठाण्यातल्या माजिवड्याच्या नाक्याचंच उदाहरण घेऊ. नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता इथे एकमेकांना मिळतात. दुधाची, खव्याची वाहनं इथून ठाण्यात आणि पुढे मुंबईत शिरतात. एखाद्या डेअरीत अन्न सुरक्षा अधिकारी आले आणि त्यांनी खवा उचलला, तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार त्या नमुन्याचे चार भाग करायचे. एक सरकारी अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात. चौथा भाग दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, अर्थात त्याच्या खर्चाने. दोन अहवाल जुळले नाहीत तर राखून ठेवलेल्यांपैकी एक भाग निर्देशी प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा शब्द अखेरचा. सरकारच्या पैशाने आलेला अहवाल आणि व्यापाऱ्याच्या पैशाने आलेला अहवाल वेगळे निघू शकतात, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. अडचण वेळेची आहे. विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवसांची मुदत असते. वसुबारसेला उचललेल्या खव्याचा निकाल येईपर्यंत भाऊबीज होऊन गेलेली असते आणि पेढे पोटात.

नमुन्याची वाट दिसते तरी. पैशाची वाट दिसत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बारा शीतपेयांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. युरोपच्या मर्यादेशी तुलना करता पेप्सिकोच्या पेयांत सरासरी ३६ पट आणि कोका-कोलाच्या पेयांत ३० पट.  कंपन्यांनी आधी प्रयोगशाळेच्या लायकीवर बोट ठेवलं. मग संस्थेला पैसा कोण पुरवतं, अशी चर्चा सुरू झाली. संसदेने संयुक्त समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते शरद पवार. शेअर घोटाळ्यासारख्या विषयांसाठी बसणारी अशी समिती आरोग्याच्या प्रश्नासाठी पहिल्यांदाच बसली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये तिने अहवाल दिला आणि शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा संस्थेचा निष्कर्ष उचलून धरला.

पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारला गेला तो योग्यच होता. फक्त तो एकाच बाजूला विचारून भागत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमात एफएसएसएआयच्या वैज्ञानिक पॅनेलवर स्वतंत्र तज्ज्ञ असावेत, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी सुरुवातीच्या पॅनेलांवर शीतपेयं आणि पाकीटबंद खाद्यपदार्थ बनवणाऱ्या बड्या कंपन्यांची माणसं बसली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पॅनेलं नव्याने बांधायला लावली. ज्यांच्या मालावर लेबल लागायचं, तेच लेबलाचे नियम सुचवणार, ही व्यवस्था पॅनेलं नेमताना कोणाला खटकली नव्हती, याचं मला आजही नवल वाटतं.

पैसा संशोधनात शिरतो तेव्हा कोणी आकडे खोटे लिहीलच असं नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या शुगर रिसर्च फाउंडेशनने हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर दिले. १९६७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा आढावा आला. हृदयविकारासाठी स्निग्ध पदार्थांना जबाबदार धरणारा पुरावा त्यात वजनदार ठरला आणि साखरेविरुद्धचा हलका. पैसे कोणी दिले हे छापलं गेलं नाही. तेव्हा तसा नियमच नव्हता. जुन्या कागदपत्रांतून ही गोष्ट बाहेर यायला २०१६ उजाडलं. त्या आढाव्यात बनावट प्रयोग नव्हते. कुठला अभ्यास काटेकोरपणे तपासायचा आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा, एवढंच ठरवलेलं होतं.

२०१३ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी साखरयुक्त पेयं आणि लठ्ठपणा यांच्यावरचे आढावे एकत्र तपासले. उद्योगाशी हितसंबंध नसलेल्या १२ निष्कर्षांपैकी १० मध्ये या पेयांनी वजन वाढतं असं आढळलं होतं. हितसंबंध जाहीर केलेल्या ६ पैकी ५ निष्कर्ष म्हणत होते की पुरावा अपुरा आहे. विषय एकच आणि उपलब्ध अभ्यासही बरेचसे तेच. एवढ्या सहा-बारा निष्कर्षांवरून फार मोठं विधान करू नये, पण कल कुठे आहे ते दिसायला तेवढे पुरेत.

याचा अर्थ उद्योगाचा पैसा विटाळ मानावा असा नाही. माटुंग्याची यूडीसीटी, आजची आयसीटी, ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था १९३३ पासून उद्योगांच्या हातात हात घालूनच मोठी झाली. तिथल्या अन्न तंत्रज्ञान विभागाने उद्योगाला माणसं पुरवली आणि ज्ञानही. टिकवण्याची पद्धत, पॅकिंग, यंत्रं यांचे प्रश्न उद्योगाच्या पैशाने सुटले तर उत्तमच. पण तोच पैसा ‘हे खाऊन अपाय होतो का’ या प्रश्नाला लागला की सावध व्हावं. निदान तो उघड सांगितला जावा.

उद्योगाच्या पैशाविना झालेलं संशोधनही आपल्याकडे आहे. त्याच १९३३ साली मुंबई विद्यापीठाची एक पदवीधर मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारात उभी होती. वडील नारायणराव आणि काका माधवराव भागवत याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली. अखेर वर्षभराच्या परीक्षाकाळाची अपमानास्पद अट घालून त्यांनी तिला घेतलं. या कमला भागवत म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. मराठी वाचकांनी थोरलीला भरभरून दिलं; धाकटीच्या वाट्याला त्याचा शतांशही आला नाही. साहित्यात रमलेला समाज प्रयोगशाळेला असाच विसरतो.

बंगळूरला त्यांनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थी हाताशी धरून कडधान्यं, नीरा, ताडगूळ असे गरिबाच्या पानातले विषय निवडले. नीरेवरच्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेला त्यांनी सल्ला दिला. या विषयांत नफा कमावणारी बडी कंपनी कुठे होती? पगार सरकारी, प्रश्न कुपोषणाचा. संशोधनाचा विषय कोण ठरवतं यावर त्याचा उपयोग कोणाला हे अवलंबून असतं, आणि इथे तो विषय बाईंनी ठरवला होता.

निवृत्तीनंतरचं काम आज कमी माहीत आहे. १९६६ मध्ये मुंबईतल्या नऊ गृहिणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. भेसळ आणि वजनमापांतली फसवणूक यांविरुद्ध ही संस्था उभी राहिली. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या, ‘कीमत’ या तिच्या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेबद्दल लिहू लागल्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या. केंब्रिजची जीवरसायनशास्त्रज्ञ हळद-तिखटातल्या भेसळीच्या लढ्यात उतरते, यात कोणाला घसरण झालेली वाटेल. मला ती बढती वाटते.

ग्राहकानेच तपासणी करवून घ्यावी, ही वाट कायद्यातही आहे. फार कमी लोक ती वापरतात. ४० व्या कलमानुसार अधिकारी नसलेला कोणीही खरेदीदार आपण विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच, ही वस्तू तपासायला पाठवणार आहोत हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं. माजिवड्यापासून बाळकुम, कोलशेतपर्यंतच्या गृहसंकुलांत रोषणाईची वर्गणी दरवर्षी निघते. तिच्यातून एका खव्याच्या किंवा पनीरच्या नमुन्याचं शुल्क सहज निघेल. अहवाल सोसायटीच्या फलकावर लावा, बरा आला तरी आणि वाईट आला तरी, आणि खाली पैसे कोणी भरले तेही लिहा. नमुना नियमात न बसणारा निघाला, तर भरलेलं शुल्क परत मिळण्याचा हक्कही त्याच कलमात दिलेला आहे.